सोनकेतकी की रोजचा

विजयसिंह इंगवले यांना फुलेवाडीत सगळे आबा म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी सोनकेतकी चहाचे सेल्समन म्हणून नोकरी केली. सोमवारी कोल्हापूर शहर, मंगळवारी गारगोटी, गुरुवारी मलकापूर अशी त्यांची लाइन ठरलेली होती. त्या वाटेवरच्या प्रत्येक किराणा दुकानदाराला ते नावानं ओळखत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कुणाकडे चहाला गेले की पहिला घोट ते तोंडात जरा घोळवत आणि मगच गिळत. चहा सोनकेतकीचा असला तर काही बोलत नसत. नसला तर, "पाणी बरं हाय तुमच्याकडचं," एवढंच म्हणत.

घरातला सकाळचा पहिला चहा आबांच्या हातचा असे. डिसेंबरातल्या एका सोमवारी त्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि पावडरीचा डबा उघडला, तर तळाला चमचाभरच उरली होती. नवं पाकीट शोधायला त्यांनी वरच्या फळीवर हात घातला. हाताला लागलं ते सोनकेतकीचं लाल पाकीट नव्हतं, पिवळं होतं. अर्धं संपलेलं, तोंडाला रबर लावलेलं. वर मोठ्या अक्षरांत 'रोजचा चहा' आणि खाली बारीक अक्षरांत 'धान्यलक्ष्मी मार्ट'.

आबा ते पाकीट हातात धरून उभे राहिले. दूध उतू गेलं, त्याचा करपट वास बाहेर गेला, आणि त्या वासानं त्यांची बायको आत आली.

"हे काय हाय?" आबांनी पाकीट पुढं केलं.

"चहा हाय." क्रांतीबाईंनी आधी गॅस बंद केला.

"कुणाचा?"

"आपलाच की."

क्रांतीबाईंचे वडील लाल बावट्याचे कार्यकर्ते होते. मुलीचं नाव त्यांनी हौसेनं क्रांती ठेवलं होतं, पण घरात भांडण व्हायची वेळ आली की क्रांतीबाई फडकं घेऊन ओटा पुसायला लागत. आत्ताही त्या पुसायला लागल्या.

तेवढ्यात सून आली, मुलगा धैर्यशील याची बायको. अनुजा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये कामाला होती. सव्वासातची कंपनीची गाडी गाठायची म्हणून ती स्कार्फ बांधतच स्वयंपाकघरात आली आणि आबांच्या हातातलं पाकीट बघून थांबली.

"मीच आणलोय, आबा," ती म्हणाली.

"माझ्या घरात?"

"चाळीस रुपयांनी स्वस्त हाय. आणि चांगला हाय."

"अगं, सुपरमार्केटचा स्वतःचा माल म्हंजे काय असतोय, तुला म्हाईत हाय व्हय? पाकीट ह्यांचं, आत कुणाचं काय भरलंय कुणाला पत्ता न्हाय. कंपनी म्हंजे कंपनी. नाव सांभाळायला त्यास्नी जीव टाकाय लागतोय. ह्यांचं काय जातंय? आज चहा, उद्या फिनेल. दोन्हीवर नाव तेच!"

अनुजानं सासूकडे बघितलं. सासूबाईंचा ओटा अजून स्वच्छ झाला नव्हता.

"आबा, तीन आठवडे झाले," अनुजा हळूच म्हणाली.

"कशाला?"

"तुम्ही हा चहा प्यायला लागून. डब्यात हाच हुता. परवा धैर्यशीलला तुम्हीच म्हणालात, आज चहा फक्कड झालाय म्हणून."

आबांनी बायकोकडे बघितलं.

"डबा मी भरला," क्रांतीबाई म्हणाल्या. "पाकीट तेवढं मागं सारून ठेवायचं राहिलं."

आबांनी पाकिटाचं रबर पुन्हा नीट बसवलं. मग घसा खाकरून म्हणाले, "मला वास वेगळा येतच हुता. बोललो न्हाय, एवढंच."

दुसरी एखादी सून इथं हसली असती. अनुजा हसली नाही. तिनं पिशवी खाली ठेवली.

"आमच्या लॅबमध्ये चार ठिकाणची वाळू येती, आबा. पोत्यावर नाव कुणाचं हाय ते आम्ही बघत न्हाय. नमुना काढायचा, नंबर टाकायचा आणि तपासायचा. नाव शेवटी बघायचं."

"माणूस वाळू पीत न्हाय."

"चहाला बी नंबर टाकून बघू की. रविवारी. तुम्ही ओळखला तर जन्मभर सोनकेतकी. मी स्वतः आणून देतो."

"ठरलं," आबा म्हणाले. "आणि नुसता चहा कशाला? बाकीचं बी ठेव. सगळंच एकदा हुईल."

आठवडाभर आबांनी एखाद्या पैलवानासारखी तयारी केली. बुधवारपासून सुपारी बंद. शुक्रवारपासून कच्चा कांदा बंद. शनिवारी रात्री क्रांतीबाईंनी भाकरीबरोबर ठेचा वाढला, तर ताट बाजूला सारून म्हणाले, "जिभंला चटका नको." धैर्यशील बायको आणि वडील यांच्या मध्ये कधी पडत नसे. त्यानं रविवारी सकाळी मित्रांबरोबर क्रिकेटची मॅच आहे असं जाहीर केलं आणि सकाळी साडेसहालाच घर सोडलं.

पंच म्हणून शेजारच्या शालूबाईंना बोलावलं होतं. शालूबाईंचा मिरची कांडपाचा डंक, म्हणजे मिरच्या कुटायचं यंत्र, होता. उन्हाळ्यात अर्धी फुलेवाडी त्यांच्याकडे चटणीचा मसाला कुटायला येई. बेडगी आणि संकेश्वरीत कुणी दुसरी मिरची मिसळली, तर त्या दारातूनच वासावर सांगत. येता येताच त्यांनी बजावलं, "चटणी ठेवली नसशील तरच बसतो. पाकिटातली चटणी मी तोंडात घालणार न्हाय. आधीच सांगतो."

"चटणी न्हाय, मावशी," अनुजा म्हणाली. "चहा, बिस्कीट, सॉस आणि तूरडाळीचं वरण. एक कंपनीचं, एक मार्टाचं. बास."

अनुजानं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. दूध तेच, साखर तीच, पाणी मापून, वेळ घड्याळ लावून. कपांच्या बुडाला चिकटपट्टी लावून तिनं नंबर टाकले होते. कुठला नंबर कशाचा ते फक्त तिला ठाऊक होतं, आणि ते लिहिलेला कागद तिनं फ्रिजवर उलटा ठेवला होता.

आधी वरण आलं. दोन वाट्या. आबा, क्रांतीबाई आणि शालूबाई, तिघांनी पहिल्या वाटीला कौल दिला. डाळ एकजीव शिजली होती, चवीला गोड होती. दुसऱ्या वाटीत दाणा जरा कचकचत होता.

मग सॉस आला. शालूबाईंनी बोट बुडवून चाखला आणि दुसऱ्या बशीकडे बोट केलं. "ह्यात भोपळा हाय."

"टोमॅटो हाय, मावशी."

"टोमॅटो असंल की. पण भोपळ्याच्या लग्नाला आल्यासारखा."

क्रांतीबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. आबांनी चाखून मान डोलावली. त्यांचंही तेच मत होतं. बिस्किटांतही फार वाद झाला नाही. एक खुसखुशीत होतं, दुसरं चहात बुडवताच गळून तळाला गेलं. शालूबाईंनी ते चमच्यानं बाहेर काढलं.

शेवटी चहा. दोन कप आबांच्या समोर आले. आबांनी डोळे मिटले. पहिल्या कपाचा वास घेतला, सुर्रकन घोट ओढला, तोंडात घोळवला. पाण्यानं चूळ भरली. मग दुसरा. पुन्हा पहिला. शालूबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"हा," आबा म्हणाले आणि पहिला कप उचलून वर धरला. "हा माझा. ह्यो रंग बघा, घोट गिळल्यावर मागं राहणारी चव बघा. एकतीस वर्षं विकलाय मी. दहामधं नऊ मार्क. दुसरा वाईट न्हाय, पण फिक्का हाय. सहा."

अनुजानं फ्रिजवरचा कागद घेतला. तिनं तो लगेच वाचला नाही, आणि तिच्या तोंडाकडे बघूनच क्रांतीबाईंना काय ते समजलं.

"वरण, पहिली वाटी, मार्टाच्या डाळीचं," अनुजा म्हणाली. "सॉस, चांगला तो कंपनीचा. बिस्कीट, चांगलं ते कंपनीचं. चहा..." ती थांबली. "पहिला कप रोजचा, आबा."

"दोन दोन झालं की मग," शालूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "बरोबरी. चला."

"बरोबर हाय. बरोबरी," आबा म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला, पेपर घेतला आणि ते गच्चीवर गेले.

अर्ध्या तासानं क्रांतीबाई वर गेल्या. आबा खुर्चीत बसले होते. पेपर मांडीवर होता आणि त्याची घडीही मोडली नव्हती.

"मी एकतीस वर्षं लोकास्नी खोटं सांगत फिरलो की ग," आबा म्हणाले.

"खोटं कसं? तुम्हास्नी खरंच वाटत हुतं."

"त्यानं काय फरक पडतोय? पोराच्या बारशाला थांबलो न्हाय मी. मलकापूरची ऑर्डर हुती. कशासाठी? जे मला सुदीक ओळखू येत न्हाय त्याच्यासाठी."

क्रांतीबाई शेजारच्या कठड्यावर बसल्या. खालून अनुजा भांडी विसळत असल्याचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "एकदा गारगोटीला, बसलिंगाप्पांकडं तरी जाऊन या. घरात तोंड पाडून बसू नका. पोरीला अपराध्यासारखं वाटतंय."

मंगळवारी सकाळी आबा गारगोटीच्या एसटीत बसले. कुणाला कळवलं नव्हतं. बिद्रीच्या साखर कारखान्याच्या आसपास उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. मुदाळतिट्ट्याला एसटी वीस मिनिटं अडकली, तेव्हा ते खाली उतरून एक केळं खाऊन आले. साडेअकराला ते जुने दुकानदार बसलिंगाप्पा यांच्या किराणा दुकानात पोचले.

बसलिंगाप्पा आता गल्ल्यावर बसत नव्हते. त्यांचा मुलगा वीरेश दुकान बघत होता. ते स्वतः दुकानाच्या मागच्या पडवीसारख्या सोप्यात, गळ्यात इष्टलिंग आणि अंगात लोकरी बंडी घालून, खुर्चीत बसलेले असत. आबांना बघताच ते खुर्चीतून निम्मे उठले.

"इंगवले सायब! आज मंगळवार हाय व्हय? मला वाटलं, माझंच डोस्कं फिरलं. बसव्वा! बघ कोण पावणं आल्यात!"

आतून बसलिंगाप्पांच्या पत्नी डोकावल्या, हसल्या आणि पुन्हा आत गेल्या. दहा मिनिटांत चहा आला. दोघं ऊस, गुडघे आणि नातवंडं यांवर बोलत होते. आबांनी सवयीनं पहिला घोट तोंडात घोळवला. दाट, आलं घातलेला, जिभेला किंचित धरणारा चहा. चांगला होता. पण कुठला, ते सांगायची आता त्यांची हिंमत नव्हती.

"सोनकेतकीच न्हवं?" त्यांनी विचारलं.

बसलिंगाप्पांचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला. त्यांनी आत बघितलं. दारात बसव्वा उभ्या होत्या. त्यांनी जीभ चावली.

"आता काय सांगू तुमास्नी," बसलिंगाप्पा म्हणाले. "सुटा चहा हाय. निपाणीस्नं येतो. आमच्या घरात पयल्यापासनं ह्योच."

"पयल्यापासनं?"

"माझ्या बापापासनं."

"मग मी मंगळवारी येत हुतो तवा?"

"तुमची गाडी चौकात दिसली की मी आत सांगायचो. मग बसव्वा तुमचं पाकीट फोडायची. आज तुमी न कळवता आला, म्हणून घोटाळा झाला."

"दर मंगळवारी?" आबांनी विचारलं.

"दर मंगळवारी," बसव्वा दारातून म्हणाल्या. "उरलेली पावडर मी तुळशीला घालायचे."

आबांनी एकदा बसव्वांकडे बघितलं, एकदा बसलिंगाप्पांकडे, आणि मग त्यांना हसू फुटलं. रविवारपासून ते पहिल्यांदाच हसत होते. हसता हसता कपातला चहा बशीत सांडला. वीरेश गिऱ्हाईक सोडून काय झालं ते बघायला मागं आला.

हसू ओसरल्यावर आबांनी रविवारची सगळी गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "मग अण्णा, तुमी तीस वर्षं माझा माल कशापायी घेतला? घरात पीत नसताना?"

"गिऱ्हाईक मागायचं, ते एक झालं," बसलिंगाप्पा म्हणाले. "पण मागायचं ते दुसऱ्या कंपन्यांचं बी मागायचं की. त्यांची पोरं सा म्हैन्याला बदलायची. आज एक, उद्या दुसराच. पुराचं साल आठवतंय का तुमास्नी? वेदगंगेचं पाणी माझ्या गोदामात कमरंएवढं शिरलं हुतं."

"आठवतंय. साठ बॉक्स भिजलं हुतं."

"पाणी उतरल्यावर सगळ्या कंपन्यांचं सेल्समन आलं. पुराचा माल परत घेत न्हाय म्हणून सांगितलं आणि गेलं. तुमी पँट वर दुमडून चिखलात उतरला. एक एक बॉक्स मोजून घेतला. मी म्हणलो, सायब, कंपनी काय म्हणंल? तुमी म्हणला, ते माझ्यावर सोडा."

"कंपनीनं घेतला की परत."

"कंपनीनं? तुमी दोन दिस कोल्हापूरच्या हापिसात ठिय्या मारून बसला हुता. तुमच्या डायवरनं मला सांगितलंय सगळं." बसलिंगाप्पांनी बशी खाली ठेवली. "मी चहा घेतला न्हाय हो सायब. मंगळवारी येणारा माणूस घेतला. चहा चांगला का वाईट, ते तुमी आणि पिणारा बघून घ्या."

आबांनी खिशातून रुमाल काढला आणि ते चष्मा पुसायला लागले. चष्मा फारसा मळलेला नव्हता.

बसलिंगाप्पांकडे भाकरी, झुणका आणि दही खाऊन आबा दुपारच्या गाडीनं परतले. खिडकीची जागा मिळाली. मुदाळतिट्टा यायच्या आधीच त्यांना झोप लागली, ती कंडक्टरनं कोल्हापुरात हलवून जागं करेपर्यंत.

घरी आल्यावर चपला काढता काढता त्यांनी अनुजाला विचारलं, "त्या धान्यलक्ष्मी मार्टाला तू कधी जातीस?"

"शनिवारी." अनुजा जपून म्हणाली. "का?"

"मी बी येतो. भोपळा कोण घालतंय बघून येऊ."

शनिवारी संध्याकाळी आबांनी आयुष्यात पहिल्यांदा धान्यलक्ष्मी मार्टात पाय ठेवला. मार्ट उघडल्यापासून आठ वर्षं ते त्याच्या समोरच्या फुटपाथवरून जात होते. आत गेल्यावर अनुजा ढकलगाडी घेऊन पुढं गेली आणि आबा चहाच्या फळीपाशी थांबले. लाल पाकिटं डोळ्यांच्या उंचीवर होती, पिवळी खाली. आबांनी दोन्ही उचलून तारखा बघितल्या. नव्या तारखेची पाकिटं पुढं आणि जुनी मागं अशी लावलेली बघून त्यांचा हात आपोआप चालायला लागला. जुनी पाकिटं पुढं काढली, नवी मागं सारली. चहा झाल्यावर शेजारची कॉफी लावली. मग गुडघा टेकून खालची फळी.

"काका, तुम्ही कुठल्या कंपनीचे?"

आबांनी मान वर केली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तिशीची मुलगी समोर उभी होती. ओळखपत्रावर 'शिवलीला, स्टोअर मॅनेजर' असं होतं.

"आता कुठल्याच न्हाय," आबा म्हणाले आणि फळीला धरून उठले. "पर जुना माल मागं पडला तर तसाच सडतोय, पोरी. कोण लावतं हे?"

शिवलीला गडहिंग्लजकडची. तिनं आधी आबांकडे, मग फळीकडे बघितलं. फळी नीट लागली होती, ते तिला दिसत होतं. "नवीन पोरं आहेत. सांगून सांगून थकले," ती म्हणाली.

"आणि तुमचा तो सॉस."

"त्याचं काय?"

"भोपळा हाय."

शिवलीलानं इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "काका, मी स्वतः तो घरी नेत नाही. पण मी वर सांगितलं तर कुणी ऐकत नाही. ग्राहकानं लिहून दिलं तर ऐकतात."

"कागद द्या."

तिनं तक्रारीचा फॉर्म दिला. आबांनी काउंटरवर ठेवून पंधरा मिनिटं लिहिलं. एकतीस वर्षं ऑफिसला रिपोर्ट लिहिलेल्या माणसाचं ते अक्षर होतं. चहा उत्तम, सोनकेतकीपेक्षा सरस. हे वाक्य लिहिताना त्यांचं पेन जरा अडखळलं, पण थांबलं नाही. तूरडाळ उत्तम, लवकर शिजते. सॉस अजिबात नको. बिस्कीट चहात टिकत नाही, विकायचं असेल तर आधी सुधारा. खाली सही केली आणि फोन नंबर घातला.

तीन आठवड्यांनी शिवलीलाचा फोन आला. सॉस मागं घेतला होता. आणि मुख्य ऑफिसनं तिला विचारलं होतं, की बिस्कीट बदलून बघतोय, तर हे लिहिणारे गृहस्थ आणखी काही लोकांबरोबर चाखून मत देतील का?

"देऊ की," आबा फोनवर म्हणाले. "पण आमच्या पद्धतीनं. कशावर नाव असणार न्हाय, नंबर असणार. कंपनीचं बिस्कीट बी त्यात ठेवायचं. आणि आम्हास्नी फुकट काय द्यायचं न्हाय. फुकट घेतलं की जीभ लाचार हुती."

फोन ठेवून ते अनुजाकडे वळले. "नंबर तू टाकायचे. मला सुदीक सांगायचं न्हाय."

"तुम्हाला तर अजिबातच न्हाय," अनुजा म्हणाली.

पुढच्या रविवारी कॉलनीतल्या वीस जणी आणि सहा जण इंगवल्यांच्या गच्चीवर जमले. पाच तऱ्हेची बिस्किटं, प्रत्येकाच्या पुढं बशी आणि चहा. शिवलीला स्वतः आली होती. ती कोपऱ्यात उभी राहून प्रत्येकाचं तोंड न्याहाळत होती. कागद उघडला तेव्हा धान्यलक्ष्मीचं बिस्कीट शेवटून पहिलं आलं. सव्वीसपैकी दोन मतं, आणि त्यातलं एक ज्यांनी दिलं त्या आजींना नंबर नीट दिसला नव्हता.

शिवलीलाचा चेहरा उतरला. आबा तिच्याजवळ गेले.

"असं तोंड करू नको. चव बरी हाय त्याची. पण भाजलं कमी. ओलं राहतंय, म्हणून बुडतंय. एवढंच लिही आणि पाठव. मारून मुटकून चांगलं म्हणू नको. लोकं एकदा फसत्यात, दुसऱ्यांदा दुकान बदलत्यात."

तिनं लिहून घेतलं. महिन्यानं पुन्हा बिस्किटं आली, पुन्हा गच्चीवर बैठक बसली, आणि धान्यलक्ष्मी तिसरी आली. एव्हाना फुलेवाडीत बातमी पसरली होती. दुकानात उभ्या असलेल्या बायका आबांना हाक मारून विचारत, "आबा, पोहे कुणाचे घेऊ?" आबा पाकीट फिरवून बघत, वासाला लावत आणि जे असेल ते सांगत. कधी म्हणत, मार्टाचा घ्या. कधी म्हणत, ह्यात कंपनीचाच घ्या, चार पैसे जाऊ देत. आणि ज्याची चव बघितली नसेल त्याबद्दल म्हणत, "म्हाईत न्हाय. येत्या रविवारी बघू." 'म्हाईत न्हाय' असं आबांच्या तोंडून क्रांतीबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. त्यांच्या घरात आता चहा पिवळ्या पाकिटातला आणि बिस्कीट कंपनीचं येत होतं. त्यावर कुणी भांडत नव्हतं.

तिसऱ्या बैठकीला पस्तीस माणसं आली. धैर्यशीलनंही मॅच रद्द करून चहाची किटली धरली. शालूबाईंनी बिस्कीट दोन बोटांत धरून चहात बुडवलं आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं दहापर्यंत आकडे मोजले. बिस्कीट टिकलं. गच्चीवर टाळ्या पडल्या.

अनुजानं मतं मोजली. दोनदा मोजली. "पहिलं, कंपनीचं. अठरा मतं," ती म्हणाली. "दुसरं, धान्यलक्ष्मी. सोळा. बाकीच्यास्नी एक बी न्हाय."

"एक मत कुठं गेलं?" आबांनी विचारलं.

"मी न्हाय दिलं," शालूबाई म्हणाल्या. "मला दोन्ही आवडली."

शिवलीलानं ओरडून क्रांतीबाईंना मिठी मारली. दोन मतांनी हरलेल्या माणसाला इतका आनंद झालेला फुलेवाडीनं आधी बघितला नव्हता. तिनं तिथूनच गावाकडे वडिलांना फोन लावला आणि कानडीत भराभरा काहीतरी सांगितलं. ते कुणाला नीट कळलं नाही, पण सगळे तिच्याबरोबर हसले.

माणसं गेल्यावर गच्चीवर सत्तर बशा आणि कप उरले. क्रांतीबाईंनी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघितलं आणि मग नवऱ्याकडे. आबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, बादली ओढली आणि ते नळाखाली बसले. अनुजानं साबण आणून दिला.